एकमताने

अमरावती
४ ऑगस्ट २०२५

सन्माननीय अध्यक्ष महोदय, परीक्षक आणि माझ्या विरोधात बोलणाऱ्या माझ्याच जोडीदारा,

हसलास का? नसशील हसला तरी पुढे वाच. हे पत्र टपालाने आलेलं नाही. आपल्या दोन्ही कॉलेजांत शिकवणाऱ्या नितेशने हातात दिलं आहे आणि उत्तर घेतल्याशिवाय तुझ्या केबिनसमोरून हलायचं नाही असं मी त्याला बजावलं आहे. फोन तू उचलत नाहीस. मोबाइलवर लिहिलेलं कोण कुठे पुढे ढकलेल याचा भरवसा नाही. म्हणून कागद.

सहा वर्षं आपण बोललो नाही. तू अकोल्याच्या कॉलेजचा प्राचार्य झालास, पहिल्याच वर्षी आपली वादविवाद स्पर्धा बंद केलीस आणि फिरती ढाल स्वतःच्या कपाटावर ठेवून दिलीस. तेव्हा मी तुला जे बोलले ते सगळ्या स्टाफरूमने ऐकलं. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण आज भांडायला लिहीत नाही. जोडी जुळवायला लिहिते आहे.

तेवीस तारखेला अकोल्यात विद्यापरिषदेची बैठक आहे आणि अनुदानाचा ठराव तू मांडणार आहेस. आपल्या संस्थेची अमरावतीची आणि अकोल्याची कॉलेजं मिळून पूर्णा समूह विद्यापीठ झालं. त्याला सरकार भरभक्कम अनुदान द्यायला तयार आहे, अट एकच. संशोधनाचा प्रत्येक विषय आधी एका छाननी समितीपुढे जाईल, समितीत शिक्षण संचालनालयाची माणसं बसतील, आणि 'शासनाच्या धोरणाशी विसंगत' विषयाला नोंदणी मिळणार नाही. मिळाली असेल तर ती रद्द होईल. किती सभ्य भाषा! गळा दाबताना हातमोजे घातले आहेत.

पहिल्या घावात माझी संशोधक विद्यार्थिनी दीक्षा जाईल. अंजनगाव सुर्जीकडची पोर, आई इंदूबाई लोकांच्या शेतात निंदणा-सोंगणीला जाते. कमी पटाच्या शाळा शेजारच्या गावच्या शाळेत जोडल्या, त्यानंतर तिथल्या मुलींचं काय झालं, हा तिचा विषय. दोन वर्षं ही मुलगी गावोगाव फिरली आहे. आता फक्त शेवटची प्रकरणं लिहायची राहिली आहेत. ठराव एका बैठकीने पुढे गेला तर तेवढ्या वेळात तिचा प्रबंध दाखल होतो, आणि दाखल झालेल्या प्रबंधाला हात लावता येत नाही. मला तेवढंच हवं आहे, एक बैठक.

आता आपली विद्यार्थीदशेतली रीत आठव. प्रत्येक कॉलेजची जोडी असायची. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरोधात, आणि ढाल मिळायची ती दोघांच्या गुणांची बेरीज करून. म्हणजे स्टेजवर मी तुला फाडून खायचं आणि तरी तुझे गुण वाढायला हवेत. बाहेरच्यांना हे कधी समजलं नाही. माझी आई पहिल्यांदा मोर्शीहून ऐकायला आली तेव्हा तू बोलत असताना सारखी पुटपुटत होती, "हा पोट्टा आपल्या पोरीले एवढं काहून बोलून राह्यला?" निकालानंतर तूच जाऊन तिच्या पाया पडलास आणि ती गोंधळून गेली.

आदल्या संध्याकाळी आपण एकमेकांना मुद्दे द्यायचो. सगळे. त्यातला सगळ्यात भारी मुद्दा प्रत्येकाने लाल शाईने लिहायचा. लाल मुद्दा जोडीदाराने खोडायचा नाही. बाकीच्यांवर तुटून पडायचं, लालच्या अवतीभवती फिरायचं आणि तो उभा ठेवायचा. हा नियम आपण कुठे लिहिला नाही आणि कधी मोडला नाही.

तू ठरावाच्या बाजूने बोलणार. तुझ्या खुर्चीला ते भाग आहे. बोल, जोरात बोल. पण माझा लाल मुद्दा सोड. तेवढ्याने चार सदस्य डळमळतील आणि विषय पुढच्या बैठकीवर जाईल.

काळ्या शाईतले मुद्दे असे. सरकार पैसे देतं हे वाक्यच खोटं आहे. इंदूबाई काडीपेटी विकत घेते, तिच्यावरच्या करात विद्यापीठाचा वाटा असतो. सरकार फक्त तो पोचवतं. पोचवणाऱ्याने पाकीट उघडून वाचायचं नसतं. दुसरं, समितीत त्या विषयाचा जाणकार असेलच असं ठरावात कुठेही म्हटलेलं नाही. तिसरं, सत्तेने विद्यापीठं जाळली हे आपण मुलांना शिकवतो. सत्तेने विद्यापीठं विकत घेतली हे शिकवत नाही, कारण त्याचा धूर दिसत नाही.

आणि हा लाल. शाळा जोडल्यावर ज्या मुली घरी बसल्या त्या हजेरीपटावर अजून रोज हजर आहेत. ही दीक्षाने ऐकलेली अफवा नाही. शहानूर नदीच्या पलीकडे एक दोनशिक्षकी शाळा तग धरून आहे. मोठे वर्ग गेले, लहान राहिले. तिथल्या गुरुजींनीच तिला सांगितलं की गेलेल्या मुली नव्या शाळेच्या पटावर हजर दाखवायच्या, असा तोंडी आदेश आहे. म्हणजे ज्यांनी पट भरला तेच आता ठरवणार की पट कुणी तपासायचा की नाही. याला उत्तर नाही, शेखर.

तू तुझे मुद्दे पाठव. लाल कोणता ते सांग. मी तो सोडीन.

ललिता

&nbsp;

अमरावती
२० ऑगस्ट २०२५

शेखर,

त्या दिवशी नितेश रिकाम्या हाताने परतला, आणि पंधरा दिवसांनी तुझी चिठ्ठी आली. "मुद्दे मिळाले. तुझं अक्षर अजून तसंच आहे." बस. तुझे मुद्दे नाहीत, लाल तर नाहीच.

मी नितेशला खोदून विचारलं. हा पोरगा सकाळी आमच्याकडे अर्थशास्त्र शिकवतो, मग बडनेऱ्याहून गाडी पकडून दुपारी तुमच्याकडे तेच अर्थशास्त्र शिकवतो, आणि दोन्हीकडे मिळून एका माणसाचाही पगार होत नाही.

"सर काय म्हणाले रे?"

"काही नाई मॅडम. दोनदा वाचलं, चष्मा पुसला, मले चहा पाजला."

"चहा?"

"हो ना. आपल्या इकडं तं पाणी बी मांगून प्या लागते. मंग मले म्हणे, नितेश, तुह्यं लग्न जमलं का? म्हटलं सर, तासाच्या हिशेबानं शिकवणाऱ्या मास्तरले कोण पोरगी देते? घड्याळ बंद पडलं का नवरा बी बंद."

मी खूप हसले. हसून झाल्यावर लक्षात आलं की तो हसत नव्हता.

पण चहा पाजलास हे मला कळलं. मुद्दे हातात पडले की चहा, हीही आपलीच रीत. एसटी स्टँडच्या मागच्या टपरीवर, एक चहा दोघांत. मी तो निरोप समजते. तुझ्या पदावरचा माणूस चिठ्ठीत यापेक्षा जास्त लिहू शकत नाही हे मला समजतं.

बैठक नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला ठेवली आहे. खेड्यातून येणारे सदस्य त्या दिवशी घर सोडत नाहीत. तारीख कुणी काढली हे मी विचारत नाही.

दीक्षाला सांगितलं की अकोल्यात आपला माणूस आहे. तिने पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, तुमी त्यांले गुरुजींचं तं नाही ना सांगतलं?" म्हटलं, नाव सांगितलेलं नाही. हे खरंच आहे.

ढाल पुसून ठेव. शनिवारी भेटू.

ललिता

&nbsp;

अमरावती
२४ ऑगस्ट २०२५

प्राचार्य महोदय,

अभिनंदन. काल तुम्ही माझे मुद्दे माझ्यापेक्षा चांगले मांडलेत. "माझ्या सहकारी ललिता मॅडम असं म्हणतील की," म्हणून तुम्ही सुरुवात केलीत आणि मी उठायच्या आत माझं सगळं भाषण बोलून टाकलंत. काडीपेटीसुद्धा सोडली नाहीत. सभागृह हसलं. आणि मग एकेक करून तुम्ही ते सगळं मोडलंत, जसं पोरं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तोरणाची पानं ओरबाडतात.

ते मी सोसलं असतं. ते नियमातच आहे. पण लाल?

तुमचं वाक्य मला पाठ झालं आहे. "हजेरीपट खोटे आहेत हा आरोप ज्या आधारावर उभा आहे, तो आधार म्हणजे शहानूरकाठच्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या, सेवेत असलेल्या शिक्षकाचं, खात्याची परवानगी न घेता केलेलं विधान. यावर आपण डॉक्टरेट देणार आहोत का?" संचालनालयाचे ते प्रतिनिधी तोवर खुर्चीत पेंगत होते. त्यांनी पेन उघडलं. तुम्ही पाहिलंत ना, पेन उघडताना? मी पाहिलं.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. शेखर, किती वर्षांनी तू माझ्याकडे असा सरळ पाहिलास! "मॅडम, आपण ज्या खुर्चीवरून स्वातंत्र्याबद्दल बोलता तिचा पगार शासन देतं. उद्या हे अनुदान नाकारलं तर आपला पगार थांबणार नाही. तासिका तत्त्वावरच्या मुलांचा थांबेल. फी वाढेल, आणि पहिली कमी होईल ती खेड्यातली मुलगीच. स्वातंत्र्याचा खर्च कुणाच्या खिशातून करायचा, हे आपण त्यांना विचारलं आहे का?"

नितेश मागे बसून इतिवृत्त लिहीत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा समोर माइक असताना बसले. लोकांना वाटलं असेल की मला उत्तर सुचलं नाही. तसं नाही. तो तुझा लाल मुद्दा होता हे मी ओळखलं आणि सोडला. दोघांपैकी एकाने तरी नियम पाळला.

हात वर झाले. बाजूने सगळे, विरोधात एक. तो हात माझा होता आणि इतिवृत्तात तो तसाच राहील. "विरोधात : एक." तुझ्या विद्यापीठाच्या पहिल्या ठरावावर हा डाग मी जन्मभर ठेवणार आहे.

ललिता

&nbsp;

अमरावती
१७ सप्टेंबर २०२५

शेखर,

देवानंद गुरुजींची बदली झाली. आता नाव लिहायला हरकत नाही, सगळ्यांना माहीत झालं आहे. शहानूरकाठून उचलून मेळघाटात, दोन एसट्या बदलून मग डोंगर चढायचा अशा गावी. प्रशासकीय कारण. आधी नोटीस आली : सेवाशर्तींचा भंग करून शासनाविरुद्ध माहिती पुरवली. बैठकीत तू वापरलेलेच शब्द त्यात आहेत, 'द्विशिक्षकी' सकट.

त्यांच्या बायकोला आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला अकोल्याला न्यावं लागतं. मोटरसायकलवर दर्यापूरपर्यंत, तिथून एसटी. आता कोण नेणार ते ठरलेलं नाही.

रविवारी दीक्षा आणि इंदूबाई घरी आल्या. मी पोहे केले होते, कुणी हात लावला नाही. इंदूबाई खुर्ची असून खाली बसल्या.

"बाई, त्या गुरुजीनं माह्या पोरीले बाराखडी शिकवली. पाचवीतून काढून कामाले नेत होती मी, तं बांधावर येऊन उभा राह्यला होता तो माणूस. म्हणे, इंदूबाई, तुमची मजुरी मी देतो, पोरगी मले द्या. अशा माणसाले कोणी डोंगरात धाडते का?"

दीक्षा म्हणाली, "तुमी म्हटलं होतं नाव नाही सांगतलं."

"नव्हतंच सांगितलं."

"शाळेत दोघंच हायेत, मॅडम. त्यातल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर."

मी तिला सांगायला लागले. ठराव का धोक्याचा आहे, आपण न्यायालयात कसं जाऊ, वर्तमानपत्रात कसं लिहू, ही लढाई एका प्रबंधाची कशी नाही. मी चांगलं बोलत होते, शेखर. मला माझाच आवाज ऐकू येत होता.

तिने मला मध्येच थांबवलं. आजवर कधी थांबवलं नव्हतं. "तुमचं भाषण होऊन गेलं, मॅडम. माह्यं आयुष्य बाकी हाय."

जाताना इंदूबाईंनी पोहे डब्यात भरून मागितले. वाया जाऊ नयेत म्हणून, असं म्हणाल्या. मला वाटतं, मला बरं वाटावं म्हणून मागितले.

त्या गेल्यावर मी गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुमी बोलल्या ते बरोबरच बोलल्या. फक्त मले आधी सांगतलं असतं तं मी बायकोले सांगून ठेवलं असतं."

तू त्यांचं नाव घेतलं नाहीस. मीही घेतलं नाही. आपण दोघंही सभ्य माणसं आहोत.

ललिता

&nbsp;

अमरावती
७ ऑक्टोबर २०२५

शेखर,

काल तू फोन केलास. सहा वर्षांनंतर तू मला 'ललिते' म्हणालास, म्हणून मी ऐकून घेतलं. फोनवर माझं उत्तर अर्धं राहिलं. लेखी देते. आधी तुझं बोलणं जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मी विपर्यास केला असं म्हणायला नको.

मी विचारलं, लाल मुद्दा का खोडलास? तू म्हणालास, "काहून म्हंजे? सगळ्यात भारी तोच होता. तो उभा राह्यला असता तं ठराव पडला असता. ते गॅदरिंग नोतं, ललिते. तिथं ढाल नोती भेटणार."

"आणि गुरुजी?"

"मले काय मालूम तो साहेब टिपून घेईन? मी नाव घेतलं का? तूच सांग, घेतलं का?" मग हळूच, "पाहता येते गुरुजीचं. मी सांगू शकतो वरतं. पण फाइल अटकून राह्यली ना. वरून विचारते, विरोध कोणाचा, कायले, पुढे कोर्टात जाणार का. अनुदानाचा पहिला हप्ता त्याच्यावर थांबला आहे. इतिवृत्त अजून कायम झालं नाही. एक ओळ आहे, ललिते. एकच ओळ."

"विरोधात : एक" काढायचं आणि "एकमताने" लिहायचं. खाली माझी सही.

माझं उत्तर नाही असं आहे.

बदली आणि ठराव यांचा संबंध नाही असं तू सभेत सांगशील, आणि फोनवर एकीच्या बदल्यात दुसरा मागशील? ज्या विद्यापीठात विरोधाची एक ओळ मावत नाही त्याच्या इमारती कितीही मोठ्या बांध, ती गोदामंच आहेत. शंभर हात वर होतात तेव्हा एक हात खाली राहण्याला जी किंमत असते तिच्यावरच विद्यापीठ उभं असतं. तो हात कापून टाकला की उरतो तो फक्त पगारपत्रक असलेला जमाव. एकमत म्हणे! एकमत दोनच ठिकाणी होतं, जिथे सगळे शहाणे असतात तिथे आणि जिथे सगळे घाबरलेले असतात तिथे. आपली विद्यापरिषद यातली कोणती, हे तू मला सांगू नकोस.

माझी निवृत्ती जवळ आली आहे. माझ्या नावामागे पुस्तकांशिवाय काही नाही. या राज्यात कुठेतरी, कधीतरी एखादा अभ्यासक हे इतिवृत्त उघडेल आणि त्याला दिसेल की वऱ्हाडात एकीने नाही म्हटलं होतं. मला तेवढी एक ओळ पुरे आहे. ती मी विकणार नाही. गुरुजींनाही हे पटेल. ते माझ्यापेक्षा मोठे आहेत.

पुन्हा फोन करू नकोस.

ललिता

ता. क. गुरुजींच्या बायकोला दसऱ्याच्या आठवड्यात एकदाच अकोल्याला नेता आलं, असं नितेश सांगत होता. पुढच्या आठवड्याची सोय होते आहे.

&nbsp;

अमरावती
११ ऑक्टोबर २०२५

शेखर,

काल मी अकोल्यात होते. रिक्षा तुझ्या कॉलेजवरून गेली. थांबवली नाही.

सोय झाली नव्हती. बाईंना श्वास लागला तेव्हा शेजाऱ्यांनी नितेशला कळवलं आणि त्याने वर्ग सोडून त्यांना दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या आहेत. मी गेले तेव्हा गुरुजी डोंगरातून नुकतेच पोचले होते. वॉर्डात एकच स्टूल होतं. ते उठले, रुमालाने पुसलं आणि मला म्हणाले, "या मॅडम, बसा."

मी बसले. ते पलंगाच्या कडेला उभे राहिले. मी मनात वाक्यं जुळवून गेले होते. क्षमा मागायची होती, आणि तुझ्या फोनबद्दल सांगून विचारायचंही होतं की मी नाही म्हटलं ते तुम्हाला पटतं ना. त्याऐवजी मी बाईंच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. ते मात्र माझी चौकशी करत होते, गाडीत जागा मिळाली का, चहा घेता का. मग अगदी सहज, शाळेतल्या पोरीची विचारपूस करावी तसं म्हणाले, "आपल्या दीक्षाचा प्रबंध कुठवर आला?"

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दीक्षाने नोंदणी मागे घेतली, समितीने बोलावण्याच्या आधीच. गुरुजींना वाटत होतं की आपली बदली झाली ती झाली, त्यातून प्रबंध तरी होतो आहे.

मी म्हटलं, होतो आहे.

लिही. ठराव एकमताने मंजूर झाला. कागद नितेशजवळ पाठव, सही करते.

आणि एक. तुझ्या सभेतल्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही ते नियमासाठी, असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं. मला उत्तर आलं नाही. मी नितेशकडे पाहिलं, त्याची खाली घातलेली मान पाहिली, आणि मला काही आलं नाही. तुझा प्रश्न खरा आहे आणि तुझा ठराव पाप आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसं असतं ते मला आजही कळत नाही. एवढं वाचलं, त्यात कुठे सापडलं नाही.

ललिता

&nbsp;

अमरावती
३० नोव्हेंबर २०२५

शेखर,

हे पत्र कुठल्या कामासाठी नाही. तुझं निमंत्रण आलं, म्हणून लिहिते. वादविवाद स्पर्धा पुन्हा सुरू करतोस, ढाल नव्याने चकाकवून आणली आहेस आणि मी परीक्षक म्हणून यावं असं तुला वाटतं. विषय समितीने मंजूर केलेले आहेत हेही निमंत्रणातच छापलं आहे. मी येणार नाही. निषेध म्हणून नव्हे. माझ्या निषेधाचं आता काय करायचं? घसा बसला आहे, डॉक्टरांनी बोलू नका म्हटलं आहे. असं सगळ्यांना सांग.

पहिला हप्ता आला. नितेश पेढे घेऊन आला होता. त्याला पूर्ण पगाराची जागा मिळाली, तीही एकाच गावी, आणि लग्न ठरलं आहे. मुलगी मूर्तिजापूरची. "मॅडम, आता घड्याळ चालू झालं," म्हणाला आणि या वेळी तो खरोखर हसला. मी पेढा खाल्ला. गोड होता. तू सभेत म्हणालास ते खोटं नव्हतं, हे त्या पेढ्याने मला दुसऱ्यांदा सांगितलं.

दीक्षाने तुमच्याकडे नवी नोंदणी केली, हे तिने नाही, नितेशने सांगितलं. 'समायोजित शाळांमधील वाहतूक सुविधांबाबत पालकांचे समाधान.' समितीने पहिल्याच बैठकीत मान्यता दिली म्हणे. तिला शिष्यवृत्ती मिळेल, पुढे नोकरी मिळेल. मिळायलाच हवी. ती मला फोन करत नाही. दिवाळीला इंदूबाईंनी चिवडा पाठवला, मी पोहे भरून दिले होते त्याच डब्यात. आत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. मी डबा घासून ठेवला आहे. परत कुणाच्या हाती पाठवू ते कळत नाही.

आणि गुरुजी. तू शब्द पाळलास, हे मला लिहायलाच हवं. नुसते परत नाही आणलेस, अकोल्याच्या रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत आणलेस, बायकोला न्यायला सोपं पडेल अशा. गुरुजींनी मला फोन करून आभार मानले. मी म्हटलं, शेखर सरांचे माना. ते म्हणाले, "तुमी दोघं जोडीनं बोलायचे ना पहिले? आमी आलो होतो एकदा ऐकाले. लय भांडायचे तुमी."

शहानूरच्या पलीकडच्या शाळेबद्दल तुला कुणी सांगितलं नसेल. गुरुजी डोंगरात गेले, तिथून ते परत तिकडे आलेच नाहीत. बाई रजेवरून आल्या आणि बदली मागून निघून गेल्या. शिक्षक नाही म्हणून पोरं येईनात, पोरं नाहीत म्हणून शिक्षक देईनात. गेल्या सोमवारी शाळा अलीकडच्या गावात जोडली. लहान मुलांनी नदी उतरून यायचं आहे. काही येतील. ज्या मुली येणार नाहीत त्या पटावर हजर असतील.

गुरुजींना तिथून आपण हलवलं, शेखर. तू आणि मी मिळून. बेरीज करायची तर या वेळीही दोघांचीच करावी लागेल.

दीक्षाच्या प्रबंधात हे एक गाव वाढलं असतं.

ललिता